पंतप्रधानांना दिलेली पोच

आमची कंपनी तेव्हा उत्तर सीमेवरच्या डोंगरी चौकीत होती. लढाई सुरू झालेली. मी हवालदार, सिग्नलचा. हाताखाली नायक दत्ता मोरे, खानापूरकडचा. महावात्रट, पण कामाला वाघ. दिवसभर टेलिफोनची लाइन तपासायची, वायरलेस सेट सांभाळायचा, तोफा थांबल्या की चहा. त्या संध्याकाळी रेडिओवर पंतप्रधानांचं भाषण होतं. ड्युटीवरच्या जवानांना नंतर ऐकवायचं म्हणून मी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते कॅसेटवर टेप करायला लावलं.

बंकरमध्ये सगळे रेडिओभोवती दाटीने बसलो. ऊर भरून आला होता. भाषण संपलं आणि दत्ता सवयीने रेडिओलाच म्हणाला, "रॉजर, साहेब. आउट." निरोप मिळाला की सिग्नलवाल्याने पोच द्यायचीच, समोर कोणी का असेना! आम्ही पोट धरून हसलो. टेप चालूच होता. तेवढ्यात पुढच्या प्लाटूनची लाइन मेली. गोळाबारीत तुटली होती.

"दत्ता, लाइन."

"जातो."

थोड्या वेळाने लाइन सुरू झाली. दत्ता परत आला नाही.

कॅसेट माझ्या ट्रंकेत पडून राहिली. ऐकायची छाती झाली नाही. दत्ताची मुलगी स्वाती तो गेल्यावर जन्मली, बापाचा आवाज तिने कधी ऐकलेलाच नाही. आता ती इथे बंगळूरलाच महादेवपुऱ्यात आयटीत आहे, मी जे. पी. नगरला. यंदा मन घट्ट करून तिला कॅसेटचं सांगितलं. काढून बघतो तर फितीला बुरशी, वेटोळी एकमेकांना चिकटलेली. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

मग सुमेधाताईंचा पत्ता लागला. युद्धकाळातली पुढाऱ्यांची भाषणं जुन्या ध्वनिमुद्रणांवरून अभ्यासतात, राहतात हेब्बाळला. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, बोलण्यात कन्नड मुरलेलं. काय ती बाई! सुरुंग काढणारे सॅपर मी पाहिलेत, तसे हात. कितीतरी दिवस कापसाने इंच इंच फीत पुसत होत्या. मी घाई केली की म्हणायच्या, "सरी अण्णा, स्वल्प थांबा. ही एकदाच वाजेल असं धरूनच चालायचं."

वाजवायच्या दिवशी स्वाती माझा हात धरून बसली. मध्येच फीत घरघरली. पण भाषण पार पडलं, आणि दत्ता बोलला. स्वाती आधी हसली, मग ओक्साबोक्शी रडली. मीही रडलो, त्यात लाजायचं काय?

नंतर मी ताईंना म्हटलं, तुमच्या अभ्यासाच्या प्रतीतून आमची ही बडबड कापून टाका.

"कापू? स्टुडिओतलं स्वच्छ भाषण कुठेही मिळतं, अण्णा. ज्यांच्यासाठी ते केलं, त्यांनी दिलेली पोच मला पहिल्यांदाच मिळतेय."

प्रत्येक प्रतीच्या सुरुवातीला त्या स्वतः बोलून ठेवतात, आत कुणाकुणाचे आवाज आहेत ते. या वेळी त्यांनी माइक स्वातीकडे सरकवला. तिने डोळे पुसले.

"पंतप्रधान," ती म्हणाली, "आणि नायक दत्ता मोरे. माझे बाबा."