बंद यंत्रावरून पडलेला माणूस

माझ्या कार्यालयाला जिना आहे, लिफ्ट नाही. नामदेवला दोघांनी खुर्चीसकट उचलून वर आणले. पुढच्या बाजूला एक टेम्पोचालक होता. मागून खुर्ची धरलेला, घामाघूम झालेला माणूस नामदेवचा मालक होता.

पिंपरी-चिंचवडमध्ये कामगारांचे दावे चालवण्यात माझे आयुष्य गेले. ज्याला दावा लावायचा तो आणि ज्याच्यावर लावायचा तो, असे दोघे एकाच टेम्पोतून आलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

"तुम्ही बाहेर बसा," मी मालकाला सांगितले.

"का वो? माझाच माणूस हाय."

"म्हणूनच. दावा तुमच्यावर लागणार आहे."

"लावा की. त्यासाठीच आनलाय त्याला."

तो बाहेर बसला. दार मात्र त्याने उघडेच ठेवले. मी उठून ते लावले.

मालकाचे नाव बाळासाहेब. चिखलीचे जुने शेतकरी घराणे. शेती गेली, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर त्याच्या वडिलांनी पत्र्याची शेड घातली आणि पॉवर प्रेस बसवल्या. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा दाबून कापणारे आणि त्याला आकार देणारे यंत्र. वरून जड ठोकळा खाली येतो, पत्रा कापला जातो, ठोकळा परत वर जातो. मधल्या क्षणात पत्रा सरकवायचा असतो. हात वेळेवर बाहेर आला नाही, तर पत्र्याबरोबर बोटेही कापली जातात. या पट्ट्यात हस्तांदोलन करताना समोरच्याची बोटे मोजण्याची सवय मला त्यामुळेच लागली.

नामदेव लातूरकडचा. तरुणपणी या शेडमध्ये आला आणि मोठ्या प्रेसवर बसला. चाकणच्या एका कंपनीला लागणारे ब्रॅकेट त्याने तिच्यावर काढले. त्याची दहाही बोटे शाबूत होती. मोडला होता तो खुबा. आणि तो मोडला त्या दिवशी प्रेस बंद होती.

तो दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारे आणि यंत्रे पूजली जातात. बाळासाहेबाच्या शेडमध्ये आदल्या दिवशीच यंत्रे पुसून ठेवत, सकाळी जमीन धूत. सगळे कामगार नवे कपडे घालून येत. बटणाला कोणी हात लावत नसे. त्या दिवसाचा पगार मिळे, पण हजेरी लागत नसे. माणूस त्या दिवशी कामाला येत नाही, देवाला येतो, असे बाळासाहेबाचे वडील म्हणत. हीच रीत पुढे चालू राहिली.

आणखी एक रीत होती. ज्याची मशिन त्यानेच तिला हार घालायचा. नामदेवच्या प्रेसचे चाक उंचावर होते. पूजेला कोणी बूट घालून उभे राहत नाही. तो अनवाणी होता. कोबा धुतलेला, त्यात वर्षानुवर्षे मुरलेले तेल, त्यावर नुकतेच सांडलेले नारळाचे पाणी. तो स्टुलावर चढला, चाकाला हार घातला आणि उतरताना स्टूल सरकले.

आता कायदा सांगतो. शेडमध्ये माणसे इतकी थोडी होती की तिला ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा योजना, लागू नव्हती. तेव्हा दावा लावायचा तो नुकसानभरपाईच्या कायद्याखाली. त्या कायद्याची मुख्य अट एकच आहे. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झालेली असावी. चूक कोणाची होती, हे तिथे फारसे विचारत नाहीत. तो माणूस काम करत होता का, हे विचारतात.

बाळासाहेबाने कामगारांचा विमा उतरवला होता. म्हणजे दावा त्याच्यावर असला, तरी भरपाई विमा कंपनी देणार होती. त्याला दाव्याची भीती का वाटत नव्हती, हे यावरून कळेल. पण त्याचे फक्त तेवढेच कारण नव्हते. नामदेवला दवाखान्यात त्यानेच नेले होते. शस्त्रक्रियेच्या दिवशी तो बाहेर बसून होता.

विमा कंपनीने क्लेम नाकारला. कारणे तीन. त्या दिवशी सुट्टी होती. नामदेवची हजेरी नव्हती. पायात सेफ्टी शूज नव्हते.

शूजच्या मुद्द्याची मला काळजी नव्हती. शूज सक्तीचे आहेत, असे त्या शेडमध्ये कोणी कधी बजावले नव्हते. राहिले दोन. त्यांवर माझा युक्तिवाद असा होता की, कारखान्यातली पूजा हा त्या नोकरीचाच भाग होता. जागा मालकाची, यंत्र मालकाचे, रीत मालकाच्या घराण्याची, आणि सर्वांनी येणे गृहीत धरलेले. मुद्दा सरळ नव्हता, पण लढवण्यासारखा होता.

साक्षीच्या आदल्या दिवशी मी नामदेवला आणि त्याची बायको सुमन हिला बोलावले. साक्षीदाराला उत्तरे पढवणे हा माझा धंदा नाही. प्रश्न समजावणे हा आहे.

"कोणाच्या सांगण्यावरून चढलात, असे विचारतील," मी म्हणालो. "जे खरे असेल ते सांगा. पण प्रश्न पुरता लक्षात घ्या. मालकाची तशी अपेक्षा होती का, हेही त्यातच येते."

"अपेक्षा म्हणजे?"

"तुम्ही हार घातला नसता, तर मालकाने विचारले असते ना?"

"तशी वेळच आली नसती साहेब."

सुमनबाई मध्ये बोलल्या. "अहो, साहेब काय सांगायलेत ते ऐका जरा. कोर्टात तुमचं शहाणपण काढू नका."

नामदेवने मान हलवली. ती होकाराची होती, असे मी धरून चाललो.

न्यायालयात त्याला बसायला खुर्ची दिली. विमा कंपनीच्या वकील बाई तरुण होत्या, शांत होत्या आणि कागद वाचून आल्या होत्या. अशा वकिलाची मला चिंता वाटते. आरडाओरडा करणाऱ्याची वाटत नाही.

"खंडेनवमीला प्रेस चालू होती?"

"नाही. त्या दिवशी तिला विसावा असतो."

"मग तुम्हाला वर चढायला कोणी सांगितले?"

"सांगितलं म्हणजे?"

"मालकांनी आदेश दिला का?"

"मशिनला हार घालायला आदेश लागतो का बाई?"

"हो किंवा नाही, एवढेच सांगा."

"नाही. कुणी सांगितलं नाही. माझी मशिन, मी घातला."

"मालक नको म्हणाले असते तर?"

"तरी घातला असता."

न्यायाधीशांनी ते वाक्य जसेच्या तसे नोंदवून घ्यायला सांगितले. वकील बाई खाली बसल्या. त्यांना आणखी काही विचारायची गरज नव्हती.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला विचारले, "शेडची रीत होती, मालकाला ते हवे असायचे, एवढे तरी सांगायला काय हरकत होती?"

नामदेवने दोन्ही पंजे माझ्यासमोर उघडले.

"साहेब, त्या प्रेसवर तिघांची बोटं गेली. एकाची माझ्या आधी, दोघांची दुसऱ्या शिफ्टला. माझी बघा. रोज तिच्या पाया पडून कामाला बसलो. मालकानं सांगितलं म्हणून हार घातला, असं आता म्हटलं, तर मग इतकी वर्षं तिनं मला कशासाठी जपलं?"

"जपलं," सुमनबाई म्हणाल्या. "आणि हा खुबा?"

"त्या दिवशी ती बंद होती. तिचा काय दोष?"

 

तरी दावा संपला नव्हता. माणूस स्वखुशीने काम करतो म्हणून ते काम नोकरीबाहेरचे ठरत नाही, असे मला मांडता आले असते. रीत सिद्ध व्हायला हवी होती. बाकीचे कामगार न्यायालयात यायला तयार नव्हते, त्यामुळे ती सिद्ध करणारा साक्षीदार एकच होता, बाळासाहेब. त्याची साक्ष पुढच्या तारखेला होती.

त्या दिवशी तो मला गाठायला आला. "वकीलसाहेब, आता तुमी निर्धास्त ऱ्हावा. मी बघतो."

"मी तुमच्याशी साक्षीबद्दल बोलू शकत नाही. तुमच्या वकिलांशी बोला."

"त्यांच्याशी काय बोलायचं? नामा माझा हाय का त्यांचा?"

तो हसत आत गेला. मला ते हसणे आवडले नाही.

पूजेची रीत त्याने नीट सांगितली. वडिलांपासूनची प्रथा सांगितली. कोणी आले नाही तर आपण घरी माणूस पाठवतो, हेही सांगितले. इथे तो थांबला असता, तर मला पुरेसे होते. तो थांबला नाही.

"आन् नामदेवला चढ म्हनून मीच सांगितलं. आर्डरच दिली मी. त्याच्या मनानं न्हाई चढला त्यो."

मी समोरच्या कागदाकडे पाहत राहिलो. वकील बाई उठल्या.

"अर्जदार तर म्हणतात, कोणी सांगितले नाही."

"त्याच्या ध्यानात ऱ्हायलं नसंल. पडलाय त्यो."

"डोक्याला मार लागल्याचे दवाखान्याच्या कागदांत नाही."

"मुका मार असंल."

"आदेश दिला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तिथंच. त्याच्या शेजारी."

"विमा कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर तपासाला आला होता. त्याला तुम्ही सांगितले होते की, नामदेव पडला तेव्हा तुम्ही नाक्यावर पेढे आणायला गेला होता. ही सही तुमचीच ना?"

बाळासाहेबाने सही पाहिली.

"सही माझीच हाय."

"दावा लावण्यासाठी अर्जदारांना वकिलांकडे कोणी नेले?"

"मीच नेला. माझ्या टेम्पोतून. त्याला चालता येत न्हाई, मंग काय उडत जाईल त्यो?"

मागच्या बाकावर नामदेव बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "मालक, खोटं कशाला बोलायलात?"

न्यायाधीशांनी त्याला गप्प राहायची ताकीद दिली. बाळासाहेबाने मागे वळून पाहिले नाही.

दावा फेटाळला गेला. निकालपत्रात न्यायाधीशांनी रीतीचा मुद्दा घेतला होता. अशा प्रथा असतात, हे त्यांनी मान्य केले. पण या प्रथेचा एकमेव साक्षीदार शपथेवर खोटे बोलला होता, आणि मालक व कामगार यांचे विमा कंपनीविरुद्ध संगनमत असल्याची शंका त्यांनी नोंदवली होती. खोटे बोलणाऱ्याचे खरे तेवढे वेगळे काढून घ्यायला न्यायालय बांधलेले नसते. तो निकाल मी लिहिला असता, तर कदाचित असाच लिहिला असता.

बाळासाहेबाने स्वतःच्या खिशातून मदत देऊ केली. नामदेवने ती घेतली नाही. शेडमध्ये बसून करण्याजोगे काम देऊ केले. तयार झालेले ब्रॅकेट गेजने तपासायचे, म्हणजे माप बरोबर आहे का ते पाहायचे. तेही त्याने नाकारले. मी कारण विचारले.

"त्यांनी मला भर कोर्टात हमाल केलं साहेब. चढ म्हटलं की चढणारा."

"त्याने ते तुमच्यासाठी केले."

"माहीत आहे. म्हणून तर त्यांच्याकडं बघवत नाही."

उच्च न्यायालयात अपील करता येते. कायद्याचा मुद्दा चांगला होता आणि मी तसे त्याला सांगितले.

"तिथं मला परत विचारतील का?"

"नाही. तिथे साक्ष होत नाही. झालेल्या साक्षी वाचतात."

"म्हणजे मालकांचं ते बोलणं पण वाचणार."

"वाचणार."

"मग नको."

मी त्याला विचार करायला सांगितले. अपिलाची मुदत त्याने विचार करण्यात घालवली. मी निरोप पाठवले, उत्तर आले नाही. ज्याची इच्छा नाही त्याचे अपील मी करत नाही.

हरलेल्या दाव्याचे कागद परत न्यायला सहसा कोणी येत नाही. सुमनबाई आल्या. अपंगांच्या कुठल्याशा योजनेसाठी त्यांना एक्स-रे आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र हवे होते. मोशीच्या बाजूला एका कॅन्टीनमध्ये त्या पोळ्या करायला लागल्या होत्या. मी कागद काढून दिले. त्यांनी ते पिशवीत ठेवले, पण त्या उठल्या नाहीत.

"साहेब, ते त्या दिवशी 'मालकानं सांगितलं' असं म्हणाले असते, तर मिळाले असते का?"

"ते खोटे ठरले असते."

"खरंखोटं नाही विचारत मी. मिळाले असते का?"

"बहुतेक मिळाले असते."

"गल्लीतले लोक म्हणतात, नवरा देवमाणूस आहे तुमचा, खोटं बोलला नाही. मला तसं म्हणता येत नाही. पहाटे उठून मी जाते. ते दिवसभर पंजे बघत बसतात."

त्या गेल्या. दावा मी बंद केला.

या व्यवसायात माझ्याकडे आलेल्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगत आलो. नुकसानभरपाईचा कायदा पडलेल्या माणसासाठी आहे, पण तो त्याच्याकडे पाहण्याआधी विचारतो की हे तुला कोणी करायला लावले. नोकरीत माणूस जे स्वतःहून करतो, त्याची मालकाला सवय होते, कारखान्याला गरज होते, आणि कागदावर मात्र ते कुठेच नसते. म्हणून स्वतःच्या मनाने चढणाऱ्याने स्टूल दोनदा हलवून पाहावे. तेवढेच त्याच्या हातात आहे.