खिडकीपलीकडची होडी

खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या फाटकाच्या बिजागऱ्यांना काल खोबरेल लावलं आणि त्या वासासरशी मालवणच्या बंदराजवळच्या आमच्या जिममधले जुने दिवस आठवले. तिथल्या सगळ्या लोखंडाला हेच तेल चोळलेलं असायचं. पुलअप्सचा दांडा एका उंच खिडकीसमोर होता. ज्याची हनुवटी दांड्यावर जाई त्याला समुद्र दिसे, आणि तो लटकल्या लटकल्या खालच्यांना सांगे, कुणाची होडी आली ते. मी जाडजूड. बेंचवर सगळ्यांत जास्त वजन मीच उचलायचो, पण वडलांची होडी आल्याचं मला दुसऱ्यांकडून कळायचं. मग डॉक्टर ओरडले म्हणून मी अंग उतरवलं, तर बेंचवरचं वजनही उतरत गेलं. एका संध्याकाळी नेहमीचा बार छातीवरच अडकला. दोघांनी तो उचलून बाजूला केला. "चरबी गेली, तिच्यावांगडा ताकद पण गेली रे तुझी," त्यातला एक हसला. जिम सोडायचीच, असं ठरवून उठलो आणि जाता जाता रागाने त्या दांड्याला लटकलो. अंग चक्क वर गेलं. खिडकीत आधी माडांचे शेंडे दिसले, मग पाणी, मग आमची निळी होडी आणि तिच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभे असलेले वडील. "काय दिसता रे?" खालून कोणीतरी विचारलं. "माझो बापूस इलो," मी म्हटलं आणि हात सुटेपर्यंत बघत राहिलो. आता अंग पुन्हा भरलंय, त्याच जिममध्ये तो जुना बार सहज उचलतो. वडील अजून समुद्रावर जातात, आणि मी पुन्हा खालूनच विचारतो, "कोण इलो रे?"