एका माणसाचं खरकटं पाणी

सन एकोणीसशे शहाऐंशी, आणि माझं वय पन्नास. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजानं जी तारीख टाकली, तिच्या हिशेबानं पन्नास. शाळा तिसरीत सुटली, तारीख तेवढी चिकटून राहिली.

आदल्या हिवाळ्यात बायको गेली. दोन्ही पोरी नांदायला गेलेल्या, एक लातूरकडं, दुसरी पार गुलबर्ग्याच्या बाजूला. माती झाल्यावर दोघी म्हणाल्या, "बाबा, चला आमच्याकडं." मी म्हटलं, जावयाच्या घरी बसून खाणारा माणूस मी नव्हं. पोरी रडल्या, आपापल्या एस्टीत बसल्या आणि गेल्या. त्यानंतर मुरुमच्या बाजाराला जाऊन यायचं तेवढं बोलणं. बाकी दिवसभर तोंड मिटलेलं.

एकट्या माणसाला स्वयंपाक अवघड जातो असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. भाकरी मला चांगली येते, आजही येते. अवघड जायचं ते जेवण झाल्यावर. एक ताट, एक तांब्या, एक तवा. विसळायला घेतलं की संपलं. तिच्या वेळी भांड्यांचा आवाज बराच वेळ चालायचा, आणि "जरा हळू आपट" असं मी ओरडायचो. आता ओरडायलाही काही उरलं नव्हतं.

त्या साली पाऊस नव्हताच म्हटलं तरी चालेल. विहिरींचे तळ दिसायला लागले. उमरग्याहून टँकर यायचा, शाळेजवळच्या हौदात पाणी सोडायचा, आणि माणशी एक घागर मिळायची. मोठं घर असलं तर घागरी जास्त. माझी एक.

शाळेला सावली नव्हती. पोरं पत्र्याखाली भाजून निघायची. शाळेचे गुरुजी धाराशिवकडचे, तेव्हा उस्मानाबाद म्हणायचे, शांत माणूस. त्यांनी आणि आमच्या दूध सोसायटीच्या चेअरमननी मिळून एक दिवस सकाळी, दूध घालून झाल्यावर, सगळ्यांना सोसायटीसमोर थांबवून घेतलं.

गुरुजी म्हणाले, "मी कुणाकडं नवं पाणी मागत नाही. तुम्ही भांडी घासता आणि ते पाणी अंगणात फेकता. ते शाळेत आणून फेका. घराला एक झाड. सोसायटीनंही घ्यावं, हॉटेलानंही घ्यावं."

हॉटेलवाला पुढं आला. "माझ्याकडं ग्लास विसळल्यालं पाणी लई निघतंय. मला दोन झाडं द्या."

"इसळल्यालं हाय, का दुधात घालून उरल्यालं?" मागून कुणीतरी विचारलं. सगळी माणसं हसली. दुष्काळातलं हसणं मोठं असतं.

नियम एकच ठरला: टँकरचं कोरं पाणी झाडाला घालायचं नाही. घरात एकदा वापरलेलं, तेवढंच चालेल. बहुतेकांनी कडू लिंब घेतले, कुणी करंज, कुणी चिंच. मी घरून पिंपळ आणला.

तो पिंपळ बायकोचा. आमच्या मागच्या भिंतीच्या फटीत उगवला होता. भिंत फोडील, उपटून टाक, असं सगळे म्हणाले. तिनं फटीतला चिखल खुरप्याच्या टोकानं उकरून तो मुळासकट सोडवला आणि तेलाच्या फुटक्या डब्यात लावला. शेवटी अंथरुणाला लागली तेव्हा औषधाची आठवण तिला मी करून द्यायचो, आणि ती मला विचारायची, "त्याला पाणी घातलं का?" म्हणून मी तो शाळेच्या फाटकापाशी लावला. डब्यात तो किती दिवस जगला असता?

पहिल्याच दिवशी तंटा. वरच्या आळीतली एक म्हातारी फाटकात उभी राहिली. "आरं, पिंपळाला खरकटं घालतेत व्हय? देव असतोय त्याच्यात. पाप लागंल."

आमच्या वस्तीतले एक वडीलधारे, विहारात वंदना घ्यायचे, तेही आले. "ही बोधिवृक्षाची जात हाय. त्येला उष्ट्या पाण्यावर वाढवणार का तू?"

देवळाची बाजू आणि विहाराची बाजू आमच्या गावात एका मताची झालेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली, आणि ती झाली माझ्याविरुद्ध. मी दोघांनाही सांगितलं, "तीस वर्सं ती माझ्याबरोबर एका ताटात जेवली. झाड तिचं हाय. माझ्या ताटाचं पाणी त्येला चालतंय."

माझं चाललं, पण दुसरं कुणी त्या झाडाला पाणी घालणार नाही हेही त्याच दिवशी ठरून गेलं.

रोज सकाळी, उन्हं तापायच्या आत, लोक पाणी घेऊन शाळेत यायचे. त्या आवारात उभं राहिलं की गावात कोण किती माणसांत राहतो ते कळायचं. दहा खाणाऱ्यांच्या घरातून भरलेली बादली यायची, वर भाताची शितं तरंगत असायची. नव्या नवरा-नवरीची लहान कळशी. बाळंतपणाला लेक आलेल्या घराची घागर एकदम जड झालेली. आणि मी धोतराचा सोगा सावरत एक तपेली घेऊन जायचो, तीही अर्धी. पाणी आळ्यात पडलं की जमीन ते मुळापर्यंत पोचायच्या आधीच पिऊन टाकायची. शेजारचे लिंब हिरवे झाले. माझा पिंपळ जगत होता, पण वाढत नव्हता.

मी घरी जाऊन स्वच्छ भांडीही घासून बघितली. फळीवरची तिची पितळी पातेली काढायची, विसळायची, पुन्हा लावून ठेवायची. पण घागर एकच. त्यातून प्यायचं किती, विसळायचं किती?

माझ्या भिंतीला भिंत लागून एक घर होतं. नवरा, बायको, सासू, पोरं, असे आठ जण खाणारे. नवरा मला भाऊ मानायचा म्हणून ती मला भावजी म्हणायची, मी तिला वैनी. ती सोसायटीत दुधाचे कॅन धुवायला जायची. माझी तपेली बघून म्हणाली, "भावजी, आमच्यातलं अर्धं न्या की. आमी मागच्या दारानं देतो, कुणाला दिसायचं न्हाय."

"नको," मी म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

मग चेअरमनच्या मनात आलं. माणूस भाविक होता, वाईट नव्हता. पिंपळ असा खुरटलेला त्याला बघवेना. त्यानं सोसायटीतल्या माणसाला हुकूम केला, की कॅन धुतलेलं पाणी आजपासून पिंपळाला न्यायचं. "दुधाचं पाणी हाय," तो सगळ्यांना सांगत सुटला, "त्याला कसला आलाय विटाळ?" वरच्या आळीतल्या म्हातारीनं हात जोडले. आमचे वडीलधारेही मान हलवून बरं म्हणाले. मला कुणी विचारलं नाही. फाटकात एकजण म्हणाला, "आता तुमच्या तपेलीचं काय काम हाय मामा? त्यो आता दूध पितोय."

"पिऊ दे," मी म्हटलं, आणि माझी तपेली ओतली.

आळ्यात आंबूस वास सुटला, मुंग्या लागल्या. दोन-चार आठवड्यांत पानांच्या कडा तांबड्या पडल्या, मग पानं कागदासारखी वाजायला लागली आणि गळली. लोकांनी दूध घातलं होतं, त्यामुळं दोष दुधाचा कसा असेल? दोष माझ्याकडं आला. "खरकटं घालत व्हता, सांगितलं तवा ऐकलं न्हाय." हे मी हॉटेलासमोरून जाताना ऐकलं, आणि माझं ऐकून झाल्यावर त्यांनी आवाज कमी केला.

एका दुपारी वैनी कामावरून घरी जाताना फाटकापाशी थांबली. मी तिथंच बसलो होतो. खाली वाकून तिनं आळ्यातली माती चिमटीत घेतली. मातीवर पांढरी खपली धरली होती. तिनं ती बोटानं चोळली आणि मग आपले दोन्ही तळहात माझ्यापुढं धरले. कातडी पांढरी, भेगाळलेली.

"भावजी, हे माझ्या हाताला व्हतंय तेच हाय. कॅन सोड्यानं धुतेत."

"मग आधी काऊन सांगितलं न्हाईस?"

"मला वाटलं, पयलं इसळल्यालं दुधाचं पाणीच हितं आणतेत. म्या धुते अन् घरी जाते. उचलून नेणारा दुसरा."

मी तडक सोसायटीत गेलो. चेअरमन खुर्चीवर होते. मी म्हटलं, "झाडाला तुमचं पाणी बंद करा."

"अहो, दुधानं कदी झाड मरतंय का?"

"दूध न्हाय, सोडा हाय त्यात. तुमचा हात बुडवून बघा आठवडाभर."

त्यांचं तोंड उतरलं. टेबलावरचं मोजमापाचं भांडं बाजूला सरकवून उठले. मग माझ्याबरोबर शाळेत आले, गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी खोडाला नखानं खरवडलं. आत अजून हिरवं होतं. म्हणाले, "वरची माती काढून टाका. आणि साधं पाणी भरपूर घाला, आठ-पंधरा दिवस, म्हणजे सोडा खाली जाईल. उशीर केलात तर जाईल हे."

चेअरमन म्हणाले, "माझ्या वाटणीची घागर घाला. माझी चूक हाय."

"माणसाच्या तोंडचं पाणी माझ्या झाडाला नको," मी म्हटलं. "नियम तुमीच केलाव."

"मग वस्तीत फिरा," गुरुजी म्हणाले. "खरकटंच, पण सगळ्या घरांतून थोडं थोडं. सोड्याचं मी सांगतो, मग कुणी नाही म्हणणार नाही. मागायला काय जातं?"

काय जातं ते मला ठाऊक होतं. लहानपणी संध्याकाळी आईबरोबर मी गावात जायचो. डोक्यावर टोपलं. प्रत्येक दारापुढं, पायरीच्या खाली, उभं राहायचं आणि हाक द्यायची. बाई यायची, वरून भाकर टाकायची, कुठं शिळी, कुठं उरलेली. सगळं गाव फिरून टोपलं भरायचं, तेव्हा आमची चूल पेटायची. छप्पन सालानंतर, धम्म घेतल्यावर, बापानं ते टोपलं चुलीत घातलं. कळकाचं होतं, लवकर पेटलं. बाप म्हणाला, "आता रिकामं भांडं घेऊन कुणाच्या दारात जायचं न्हाय. उपाशी मरायचं, पण जायचं न्हाय." मी वीस वर्षांचा होतो. तेव्हापासून मी गेलो नव्हतो. बहात्तरच्या दुष्काळात रोज खडी फोडली, एक वेळ उपाशी झोपलो, पण गेलो नव्हतो. आता पन्नाशीत रिकामी घागर घेऊन दारोदार फिरायचं, आणि मागायचं काय, तर उष्टं पाणी?

माती मी त्याच दुपारी उकरून टाकली. घरी आलो. दिवस कलला तशी वैनी भिंतीवरून बोलली. गुरुजी काय म्हणाले ते तिच्या कानावर आलं होतं.

"उद्यापासनं आमचं पाणी न्या. आमचा लिंब आठ दिवस उपाशी ऱ्हायला तर मरत न्हाय."

"फुकटचं नको मला."

"मग काय खरकट्याचं दाम देताव?"

मी आत जायला वळलो.

"तिनं जाता जाता मला सांगितलं व्हतं," वैनी म्हणाली, "माणूस लई ताठ हाय, जरा बघत जावा म्हणून. आता मी तरी किती बघू? घ्या तुमचा ताठा अन् घाला त्या झाडाच्या बुडात. बघा जगतंय का त्याच्यावर."

तिकडं तिनं परात आपटली. पोरं जेवायला बसल्याचा गलका झाला, सासू कुणावर तरी ओरडली, कुणीतरी हसलं. मी माझी भाकरी केली, खाल्ली, ताट विसळलं. तपेलीत बोटभर पाणी पडलं. ते मी तसंच हातात धरून बसलो. बायकोनं माझ्याबद्दल दुसऱ्या घरी सांगून ठेवलं होतं हे मला माहीत नव्हतं. राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वैनी सोसायटीत निघून गेल्यावर, मी माझी मोकळी घागर आणि एक घमेलं घेतलं आणि तिच्या अंगणात गेलो. तिची सासू दारात बसली होती. रात्रीची भांडी न्हाणीपाशी ढीग घालून पडलेली. वैनी कामावरून परत येईपर्यंत ती तशीच पडून राहायची.

"काय रं, काय पायजे?" म्हातारीनं विचारलं.

"कायबी नको. भांडी मी घासतो. पाणी निघंल ते माझं."

"बाई! बापय माणूस तू! लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

मी न्हाणीच्या दगडावर बसलो, धोतर वर खोवलं, घमेलं पुढं ओढलं. राख ठेवलेली होती, ती घेतली नाही; राखेतही खार असतो. कुंपणापासची माती घेतली. वरची परात उचलली आणि घासायला लागलो. आठ माणसांची भांडी, संपता संपेनात. म्हातारी पदर तोंडाला लावून बघत होती. कढई घेतली तसं तिला राहवलं नाही.

"बुडाला जोर लाव की, लेका. बायकोनं शिकवलं न्हाय का?"

मी जोर लावला.