पाच पाउणे पावणेचार

वजीराचाचीच्या घरात घड्याळ आहे, पण ते बंद आहे आणि तिचं त्यावाचून काही अडत नाही. गेली चाळीस वर्षं ती ओहोटीला खाडीत उतरून चिखलातले मुळे, म्हणजे शिंपले, काढते आणि कट्टा गावच्या बाजारात नेऊन विकते. ओहोटी कधी आणि भरती कधी, हे तिला बोटांवर कळतं. त्याचा हिशेब आमच्या किनाऱ्यावर जुना आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, पंचमीला पावणेचारला. आता शाळेत पाउणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, कोणी शिकवत नाही. आमच्या खाजणवाडीच्या शाळेत मात्र पोरं ती रोज म्हणतात, कारण ती वजीराचाची म्हणून घेते.

ती शाळेतली बाई नव्हे. ती खिचडी शिजवते. पण भक्तीबाई मे महिन्यात निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. खाडीपलीकडच्या पैलवाडीहून एक मास्तर आठवड्यातून दोन दिवस येतात. उरलेले दिवस अकरा पोरं आणि वजीराचाची. त्याआधी वीज गेली होती, त्याआधी खडूफळ्याचं अनुदान. प्रत्येक वेळी वरून एकच उत्तर यायचं, पट कमी आहे, परवडत नाही. अकरा पोरं सरकारला परवडत नाहीत, हे वाक्य मी दुकानात बसून कितीदा तरी मोठ्याने म्हणून बघितलंय. दर वेळी डोकं तापतं.

माझं वाडीत किराणा दुकान आहे. मला सगळे भाई म्हणतात आणि गावाचे अर्ज मी लिहितो. अक्षर चांगलं आहे, हीच माझी लायकी. शाळेसाठी मी दोन महिन्यांत सहा अर्ज लिहिले. उत्तर म्हणून श्रावणात तालुक्याहून एक साहेब आले. स्कूटर त्यांनी पैलवाडीत ठेवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ओहोटीच्या वाळूवरून सरळ चालत अलीकडे आले. अर्ध्या तासात परतही गेले. पंधरवड्याने कागद आला. खाजणवाडीची शाळा पैलवाडीच्या शाळेत विलीन करण्यात येत आहे, अंतर पायी बारा मिनिटे. अंतर कमी म्हणून वाहन नाही, आणि सुरक्षेच्या कारणास्तव विद्यार्थ्यांना होडीतून नेऊ नये. शाळा समितीच्या अध्यक्षांनी सही करून द्यावी.

अध्यक्ष वजीराचाचीच होती. पालकांनी तिला बसवलं होतं, कारण बाकी कोणाला सवड नव्हती. मी तिला कागद वाचून दाखवला. ती मुळे धूत होती. बारा मिनिटं ऐकून तिचा हात थांबला.

तिची लेक आरिफा. हुशार पोर. चौथीनंतर पैलवाडीला जायची. ज्या दिवशी सकाळी वाळूवरून जाता यायचं, त्या दिवशी संध्याकाळी खाडी भरलेली असायची. रस्त्याने साडेनऊ किलोमीटर. एकदा अर्ध्या भरतीत परत यायला गेली आणि दप्तरासकट वाहायला लागली. होडीवाला शंकर जवळपास होता म्हणून वाचली. त्या दिवसापासून चाचीने तिला शाळेत पाठवलं नाही. आरिफा आजही त्यावरून आईशी नीट बोलत नाही, आणि चाचीलाही स्वतःला माफ करता आलेलं नाही. आरिफाची मुलगी सुमय्या आता तिसरीत आहे.

"सही करतंय म्हणान कळव," चाची मला म्हणाली. "पण समिती एक वाजता बसता. सायबांका पंचमीक येऊक सांग."

मला वाटलं हिने हात टेकले. मला तिचा राग आला, आणि तो मी तिला बोलूनही दाखवला. ती मुळे धुवत राहिली.

पंचमीला साहेब दहा वाजता आले, वाळूवरूनच. खाडी तेव्हा घोट्याएवढी होती. सही घेऊन लगेच निघायचं असा त्यांचा बेत होता. चाचीने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अदबीने सांगितलं की समिती एकला जमेल आणि त्याआधी खिचडीची चव घ्यायला लागेल. वाढण्यापूर्वी शिजवणाऱ्याशिवाय दुसऱ्या मोठ्या माणसाने चव घेऊन वहीत सही करायची, हा नियम साहेबांनीच पाठवलेला होता. शाळेत मास्तर नाहीत, मग चव कोण घेणार? साहेब कुरकुरत बसले. पाणी कधी भरतं हे त्यांनी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

बाराच्या सुमारास कंटाळून ते वर्गात गेले. पोरं पाउणकी म्हणत होती. एके पाउणे पाऊण, बे पाउणे दीड. साहेबांना हसू आलं. हे जुनंपुराणं कशाला शिकता, त्यांनी विचारलं. सुमय्या उभी राहिली आणि शाळेत शिकवतात तशा मराठीत म्हणाली, "भरतीसाठी, सर. आज पंचमी. पाच पाउणे पावणेचार. पावणेचारला खाडी पूर्ण भरणार."

साहेबांनी मनगटावर बघितलं. मग ते उठले आणि काठाकडे जवळजवळ धावलेच. मी शाळेच्या दारातच होतो, मागोमाग गेलो. ते ज्या वाळूवरून आले होते तिथे कमरेवर पाणी होतं आणि ओढ चांगलीच होती. पलीकडे त्यांची स्कूटर दिसत होती. वाडीतली एकुलती रिक्षा अरशदची, ती कट्ट्याला गेलेली, पाचनंतर येणार. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी चाचीवर उगाच तापलो होतो.

साहेब परत आले, खिचडी जेवले, वहीत चांगली म्हणून सही केली. ती खरंच चांगली होती. समिती एकला जमली, पण सही शाळा सुटल्यावर करते, असं चाचीने सांगितलं. दुपारभर त्यांनी पोरांना वजाबाकी शिकवली, आणि खरं सांगायचं तर बरी शिकवली.

पाच वाजता घंटा झाली. चाचीने अकरा पोरांना दप्तरं पाठीला लावायला लावली आणि साहेबांसकट काठावर आणून उभं केलं. ओहोटी लागली होती, पण खाडी अजून भरलेलीच होती. शंकर होडी बांधून बाजूलाच बसला होता. साहेबांनी त्याला हात केला.

"होडी आसा सायबानू," चाची म्हणाली. "पण पोरांक होडयेत घालूचा नाय, असो तुमचोच कागद आसा. पोरां जशी जातली तसे तुमी जावा. बारा मिनटां."

कोणी हसलं नाही. साहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "बाई, हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"सा वेळा सांगतलंय. भाईन चांगल्या अक्षरात लिवन दिल्यान. आणि माझा चेडू आरिफा हय, ह्याच पाण्यात व्हावान जाय होता. आता नातीक घालूचंय नाय. ह्या शाळेक टाळा लागला तर ता मिया मेल्यार."

तिचा आवाज चढला नव्हता.

साहेबांनी सहीचा कागद गुडघ्यावर धरून लिहिलं. पायी बारा मिनिटे खोडलं. शाळा भरताना किंवा सुटताना खाडी चालण्याजोगी नसते, रस्त्याने अंतर साडेनऊ किलोमीटर, विलीनीकरण अशक्य. खाली सही केली आणि कागद तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही.

"खाली मास्तराचा लिवा," ती म्हणाली. "पुरो आठवडो येणारो."

त्यांनी तेही लिहिलं. मग तिने सही केली, सावकाश, एकेक अक्षर काढत. अरशदची रिक्षा आली, साहेब रस्त्याने गेले. स्कूटरपर्यंत पोचायला त्यांना पाऊण तास लागला, असं अरशदने दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन सांगितलं.

शाळा चालू आहे. मास्तर अजून आलेले नाहीत. साहेबांनी लिहिलं ते खरं, पण त्यांच्या वरच्या साहेबांचं म्हणणं आहे की प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पद भरता येणार नाही. तसं पत्र परवा आलं, आणि कोणती तारीख सोयीची ते कळवा असंही त्यात होतं. मी पेन काढून चाचीकडे गेलो. ती चुलीपाशी होती. तिने सुमय्याला हाक मारून फळ्यावर पुढच्या पंचमीची तारीख लिहायला सांगितली.