तिला वजनात धरलं नाही

फरशी बसवणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं लोखंडी वजन. भिंत सरळ उभी आहे की नाही ते त्यानं बघतात. मिस्त्री तसाच होता. उभा राहिला की सरळसोट आणि बोलायला लागला की त्याहून सरळ. घरमालकाच्या तोंडावर म्हणायचा, "फरशी मी सरळच बसवणार. मग तुमची भिंत वाकडी दिसली तर माझ्या नावानं बोंब मारू नका." असल्या माणसाचाच कणा वाकावा, याला काय म्हणायचं? सिमेंट-वाळूचा माल कालवून देणारा त्याचा जोडीदार तर टपलेलाच असायचा. "ओळंब्या, तुला धरून भिंत बांधली तर ती शेजारच्याच्या घरात जाईल." मिस्त्री हसायचा, पण कमरेत कळ आली की हसू अर्ध्यावरच सोडून द्यायचा.

सारा जन्म ओणवं राहून काढल्यावर दुसरं काय होणार होतं म्हणा. दोन मणक्यांच्या मधे जी मऊ गादी असते ती झिजून चिरली होती. लोक मणक्यात गॅप आला म्हणतात, तेच. डाव्या पायात अंगठ्यापर्यंत मुंग्या यायच्या. सकाळी उठताना आधी कुशीवर, मग कोपरावर, मग भिंत धरून, असा सगळा कारभार चालायचा. पोती उचलणं त्यानं केव्हाच जोडीदारावर सोपवलं होतं. कामाची त्याला तेवढी फिकीर नव्हती. फिकीर होती ती बायकोची.

बायकोचे पाय गेले होते. कसलासा ताप आला, अंगात मुरला आणि जाताना कमरेखालचं सगळं घेऊन गेला. त्याआधी ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. जिभेला धार आणि नजर त्याहून तेज. पाय गेले तरी धार काही बोथट झाली नाही. मिस्त्री तिला पलंगावरून उचलून न्हाणीघरात न्यायचा, तिथून खुर्चीत, दुपारी कामावरून येऊन पुन्हा पलंगावर. ती त्याच्या गळ्यात हात टाकून म्हणायची, "लोक म्हणतात, यानं बायकोला डोक्यावर बसवून ठेवलंय. साफ खोटं. तुमची मजल खांद्यापर्यंतच."

"गप गं. हसवू नकोस, पडशील."

आणि एकदा खरंच पडली. न्हाणीघरातून परत येताना बोळकांडीत मिस्त्रीची कंबर अशी धरली की दोघंही खाली आली. तिला फारसं लागलं नाही. पण मिस्त्रीला उठता येईना. स्वतःच बसवलेल्या फरशीवर तो गाल टेकून पडून राहिला आणि ती शेजारून शेजाऱ्यांना हाका मारत राहिली. दार उघडून लोक आत येईपर्यंत ती एकदाही विनोद करू शकली नाही.

मग सगळे मार्ग तपासून झाले. माणूस उचलायचं चाकाचं यंत्र मिळतं, ते आणून पाहिलं. त्या बोळकांडीत ते वळेचना. रात्रंदिवस बाई ठेवणं ऐपतीत बसत नव्हतं, आणि दिवसापुरत्या आलेल्या दोघी महिनाभरही टिकल्या नाहीत. राहता राहिलं शुश्रूषा केंद्र. मिस्त्रीची पाठ सुधारली तर बायको घरी राहणार, नाही सुधारली तर ती कायमची तिकडे जाणार, इतका साधा हिशेब होता. हा हिशेब दोघांनाही कळत होता आणि दोघंही त्याबद्दल एक अक्षर काढत नव्हते.

मणक्याच्या डॉक्टरीणबाई स्वभावानं चांगल्या होत्या, घाई न करता बोलायच्या. त्यांनी फोटोवर बोट ठेवून त्याला चिरलेली गादी दाखवली. मोठं ऑपरेशन केलं तर स्क्रू घालून मणके जखडावे लागतील, बराच काळ पडून राहावं लागेल. दुसरी एक वाट होती. "कापाकापी नाही. तुमच्याच कमरेच्या हाडातला थोडा मगज काढू, यंत्रात फिरवून त्यातल्या कामाच्या पेशी वेगळ्या करू आणि बारीक सुईनं, पडद्यावर बघत बघत, गादीत सोडू. संध्याकाळी घरी जाल. पण वाट नवी आहे. कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही. मी शब्द देत नाही." मग त्यांनी विचारलं, "घरी काही जड वजन उचलावं लागतं का?"

"छे हो," मिस्त्री म्हणाला. "पोती जोडीदार उचलतो."

हे तो खोटं बोलला नव्हता. खोटं बोलला असता तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. वजन म्हणजे सिमेंटचं पोतं, फरशांचं खोकं, वाळूची पाटी. बायकोला त्यानं कधी वजनात धरलंच नव्हतं. तिला कुणी वजन म्हटलं असतं तर त्या माणसाशी तो बोलला नसता. म्हणून तिचं नाव त्या खोलीत निघालंच नाही, आणि ती स्वतः तिथं नव्हती. असती तर तिनंच सांगितलं असतं, आणि वर डॉक्टरीणबाईंना आणखी चार प्रश्न विचारले असते.

"दोन महिने काहीही उचलायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मिस्त्रीला हे लगेच पटलं. फरशी बसवली की तिच्यावर पाय द्यायचा नाही, दारात फळी आडवी टाकायची, हे तो आयुष्यभर लोकांना ओरडून सांगत आला होता. एकदा माल आवळला की मग कपाट ठेवा नाहीतर नाचा. पुढचं त्यानं विचारलंच नाही. दोन महिन्यांनंतर काय, हा प्रश्न त्याच्या मनातसुद्धा आला नाही.

सुई झाली. पाठीवर एक टिकलीएवढी पट्टी लागली. जोडीदार ती बघून म्हणाला, "एवढंच? आमच्या मेहुण्याची पाठ उसवून शिवली होती. हे तर डास चावल्यासारखं दिसतंय." बायको तेवढ्यापुरती शुश्रूषा केंद्रात गेली. जाताना दोन गाऊन आणि एक कंगवा, एवढंच घेतलं. मिस्त्री कपाटातलं आणखी काढायला लागला तेव्हा म्हणाली, "दोन महिन्यांसाठी बिऱ्हाड कशाला हलवता?"

खोलीत चार पलंग होते. तिचा खिडकीपासून सगळ्यात लांबचा. सेवेला एक ताई होत्या, हसऱ्या, पण त्यांना सांभाळायला माणसं फार. त्या पट्ट्यांची झोळी अंगाखाली सरकवायच्या, यंत्राचं बटण दाबायच्या आणि बायको हवेत वर जायची. पहिल्या आठवड्यात तिनं मिस्त्रीला सांगितलं, "यंत्र तुमच्यापेक्षा बरं आहे. कण्हत नाही." दुसऱ्या आठवड्यात यंत्राबद्दल काहीच बोलली नाही. तिसऱ्यात मिस्त्री गेला तेव्हा ती झोळीत लटकलेली होती आणि ताईंना कुणीतरी मधेच हाक मारून नेलं होतं. पाय खाली लोंबत होते, गाऊन वर सरकला होता. त्यानं गाऊन खाली ओढला. ती डोळे मिटून होती, उघडले नाहीत.

"थोडेच दिवस," तो म्हणाला.

"मोजतेय मी," ती म्हणाली.

आणि पाठ सुधारायला लागली, अगदी खरोखर सुधारायला लागली. आधी मुंग्या गेल्या, मग सकाळची कळ गेली. एका सकाळी मिस्त्री भिंत न धरता उठला आणि उठल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो पलंगाच्या कडेला बसून लहान पोरासारखा रडला. त्याच दुपारी त्यानं बायकोची चादर धुतली, उशीचा अभ्रा बदलला, न्हाणीघराच्या दारातली खपली निघालेली पट्टी काढून नवी बसवली. घर तयार झालं.

तपासणीला गेला तो ताठ मानेनं. डॉक्टरीणबाईंनी त्याला वाकवलं, चालवलं, टाचांवर उभं केलं. त्यांनाही आनंद झाला होता. "फार छान. इतका गुण सगळ्यांना येत नाही."

"म्हणजे आता बायकोला घरी आणतो."

"कुठे गेल्यात त्या?"

मिस्त्रीनं सगळं सांगितलं. पलंग, न्हाणीघर, खुर्ची, दुपारी पुन्हा पलंग. सांगताना तो खुशीत होता. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरत गेला ते त्याला शेवटी दिसलं.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही वजनाचं विचारलं होतं," मिस्त्री म्हणाला.

मग त्यांनी त्याला समजावून सांगितलं, हळू, पण आडपडदा न ठेवता. गादी नवी झालेली नाही. जुनीच आहे, चीर कशीबशी धरून राहिली आहे. चाला, बसून होईल ते काम करा. माणूस उचलायचा नाही. पुन्हा फाटली तर पायावर जाईल, मग दोघांसाठी दोन पलंग लागतील.

"किती दिवस नाही उचलायचं?"

"आता कधीच नाही."

दवाखान्याबाहेर येऊन मिस्त्री फुटपाथवर उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि त्याचा त्याला संताप आला. जिच्यासाठी पाठ दुरुस्त केली तिच्यासाठीच ती वापरायची नाही! दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं तर देतानाच काढून घेतलं होतं. तो तसाच केंद्रावर गेला. वाटेत त्यानं ठरवलं, सांगायचं नाही. घरी न्यायचं. फाटली तर फाटली.

बायको उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले, कंगवा गाऊनच्या खिशात. तयारच होती.

"काय म्हणाल्या?"

"छान म्हणाल्या. सगळ्यांना इतका गुण येत नाही म्हणे."

"मला उचलायचं विचारलंत?"

"विचारलं की."

"मग?"

"हो म्हणाल्या."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "अहो, जन्मभर काउंटरवर काढलाय मी. 'शेजाऱ्यासाठी हवंय' म्हणत स्वतःचं औषध मागणारी माणसं रोज बघितलीत. नीट सांगा."

"नीटच सांगतोय. चल, गळ्यात हात टाक."

तो वाकला. एक हात तिच्या पाठीमागे, एक गुडघ्यांखाली. तिचं अंग पूर्वीपेक्षा हलकं झालं होतं, ते त्याला हात लावताच कळलं. पण ती पलंगावरून सुटेना. त्यानं पाहिलं, तिनं दोन्ही हातांनी पलंगाची दांडी घट्ट धरली होती. बोटं पांढरी पडली होती.

"सोड."

"नाही सोडत."

"अगं, सोड. लोक बघताहेत."

"बघू देत. तुम्ही त्या बोळकांडीत पडला होतात ना, तेव्हा मला तुमच्या तोंडावरची माशीसुद्धा हाकलता येत नव्हती. पुन्हा नाही बघायचं मला ते." तिचे हात दांडीवरून सुटले नाहीत. "बाजूला व्हा आधी."

तो बाजूला झाला. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग बायको म्हणाली, "उद्या येताना माझा जाड स्वेटर आणा. आणि चप्पल नको, उगाच जागा अडते."

त्यानंतर मिस्त्री रोज संध्याकाळी जातो. दिवसा तो स्टुलावर बसून नव्या कारागिरांना काम दाखवतो. भेटेल तो म्हणतो, "वा, पाठ सरळ झाली की!" तो हो म्हणतो. दुखत होतं तेव्हा निदान कशासाठी दुखतंय ते माहीत होतं, असं त्याला वाटतं; हे बोलायला लाज वाटते म्हणून बोलत नाही. घरी तो पलंगाच्या आपल्याच बाजूला झोपतो. धुतलेली चादर तिनं न वापरताच मळली, मग त्यानं ती पुन्हा धुतली.

परवा तो तिला संत्रं सोलून देत होता. ती नेहमीसारखी उशीवरून घसरत घसरत खाली आली होती, मान वाकडी झाली होती, घास नीट गिळता येत नव्हता. दोन वीत वर घ्यायचं, एवढंच काम. मिस्त्री फोड हातात धरून अर्धवट उठला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत ती म्हणाली, "ताई, जरा येता का? इथं कुणी नाहीये मला वर घ्यायला."

ताई यंत्र ढकलत आल्या. त्यांना वाट द्यायला मिस्त्रीनं खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली. कमरेत काहीच दुखलं नाही.