चार मिलिमीटरचा फुगा

उमापूरच्या चतुराबाईच्या मेंदूतल्या शिरेला चार मिलिमीटरचा फुगा आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फुटेलच असं नाही, पण वाढला तर धोका. बीपीची गोळी रोज घ्या, तंबाखू बंद. वर्षाने पुन्हा बघू."

चतुराबाईने गोळी एक दिवस चुकवली नाही. शिवाय ऊसतोडीत डोक्यावर मोळी घेणंही आपल्या मनाने सोडलं. ओझ्याने फुगा फुटायला नको. मोळ्या नवरा वाहू लागला.

वर्षाने फुगा सहाचा निघाला.

"तंबाखू खाता का?"

"न्हाई बाई. आमच्यात बायका तंबाखू खात न्हाईत!"

असला आळ तिच्यावर जन्मात कुणी घेतला नव्हता. रागारागाने ती बाहेर बाकड्यावर येऊन बसली, कमरेची डबी उघडली आणि स्वतःच्या हाताने तव्यावर भाजून कुटलेल्या तंबाखूची मिसरी दातांवर घासू लागली.