म्हशीच्या पोटातले एकवीस दिवे

चूक माझी होती, वहिनींची नव्हती. एवढं साधं वाक्य मी चार दिवस गिळत राहिलो, म्हणून इथं आधी तेच लिहितो.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून मिरवतात. यंदा शेजारच्या गवळीमामांनी गोठ्याच्या दारावर दिव्यांचा फलक लावायचं ठरवलं. एका ओळीत बत्तीस दिवे, अशा सोळा ओळी, आणि त्यावर त्यांची लाडकी म्हैस. मी कॉलेजात कोडिंग शिकवतो, त्यामुळे फलक माझ्या गळ्यात पडला. चित्र वहिनींकडे. माझ्या थोरल्या भावाच्या या बायको तीस वर्षं कापडावर टाके मोजून भरतकाम करतात, पण चारचौघांत झळकणारं काम हे पहिलंच. त्यांनी त्यासाठी चौकटींची नवी वही आणली होती.

फलकाच्या चिपमध्ये जागा थोडी. म्हणून प्रत्येक दिवा वेगळा न लिहिता, सलग किती तेवढंच लिहायचं: पाच विझलेले, एकवीस पेटलेले, सहा विझलेले. वहिनींनी चौकटी मोजून सोळा ओळींचे आकडे दिले. ते उलगडून पुन्हा दिवे लावणारा कोड मी शिट्टी वाजवत अर्ध्या तासात लिहिला.

बटण दाबलं. चार पाय सुरेख उमटले. वर पोटाच्या जागी नुसती सुतळी.

"सर, ही म्हस हाय का वाळत घातलेली दोरी?" मामा ओरडले. "माझ्या लेकीला उपाशी ठेवलासा व्हय?"

सगळी गल्ली हसली. मीही हसलो आणि हसता हसता म्हणालो, "वहिनींची मोजणी चुकली असणार."

वहिनी हसल्या नाहीत. "असंल, भावोजी," म्हणून वही घेऊन घरात गेल्या. दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा प्रत्येक चौकटीवर पेनाचा ठिपका देत मोजलं. आकडे तेच. शेवटी वही माझ्यापुढे ठेवली. "मला न्हाय जमत. दुसऱ्या कुणाकडनं तरी करून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी त्या पायांकडे बघत बसलो होतो. पाय तेवढे बरोबर कसे? मग दिसलं. पायांच्या ओळींत नऊच्या पुढचा आकडाच नव्हता! एकवीस वाचताना माझा कोड दोन घ्यायचा, पुढचा एक दिसला की दोन विसरून जायचा. एकवीस दिव्यांचा उरला एक. पाठीवरच्या वीस दिव्यांचं शून्य. आधीच्या अंकाला दहानं गुणून पुढचा मिळवायचा, एवढंच राहिलं होतं. याच चुकीसाठी मी पोरांना वर्गात झापतो.

कोडची एक ओळ बदलली आणि म्हैस उभी राहिली! टम्म पोट, मागं वळलेली शिंगं. मी कपासकट नाचलो. निम्मा चहा शर्टावर.

"नाद खुळा!" फलक बघून मामांनी उडीच मारली. "वहिनींनी नीट मोजल्यावर धरलं की अंग म्हशीनं!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी शर्टावरचा चहा पुसत राहिलो. आकडा एकही बदलला नव्हता, हे फक्त मला आणि वहिनींना ठाऊक होतं. दारात उभ्या त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि त्या आत गेल्या.

पाडव्याला गल्ली नुसती उसळत होती. रंगवलेली शिंगं, मोरपिसं, गळ्यातल्या घंटा. खरी म्हैस दिव्यांतल्या म्हशीखाली ऐटीत उभी. मामा माझा हात वर करून गरजले, "सरांचं डोकं, जगात भारी!"

तो हात मला सोसवेना. मी गव्हाणीच्या कट्ट्यावर चढलो. "वहिनींची मोजणी पहिल्यापासून बरोबर होती," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोला की! म्हशीला ऐकू आलं न्हाय!"

मग मी हातांचा कर्णा केला. "चूक माझ्या कोडची होती! मी ती वहिनींवर ढकलली, आणि सापडल्यावरही तोंड उघडलं नाही. वहिनी, मला माफ करा!"

गल्लीत शिट्ट्या, घंटा, हंबरणं. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "एक झालं, भावोजी. मी मोजतीया. तीनदा मोजाय लावलंसा मला."

मी पुन्हा ओरडलो, "वहिनी, मला माफ करा!" आणि मग तिसऱ्यांदा, घसा फाटेस्तोवर.